अब्रूची वसुली

2020 साली देशात चोऱ्या कमी झाल्या, घरफोड्या कमी झाल्या. होणारच होत्या. घरे माणसांनी भरलेली आणि रस्ते ओस, तेव्हा चोराने जायचे कुठे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या त्या वर्षीच्या अहवालात महिलांवरील गुन्हेही सुमारे आठ टक्क्यांनी घटलेले दिसतात. अर्थात घटली ती पोलिस ठाण्यातली नोंद. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार द्यायला चोवीस तास घरात बसलेल्या त्याच नवऱ्यासमोरून उठून जाणार कोण? पण त्याच अहवालातला सायबर गुन्ह्यांचा रकाना मात्र फुगला. 44,735 वरून तो 50,035 वर गेला. त्यांतल्या 3,293 गुन्ह्यांचा हेतू लैंगिक शोषण आणि 2,440 गुन्ह्यांचा हेतू खंडणी असा नोंदवला गेला. कागदावर हे रकाने वेगळे आहेत. करोनाच्या टाळेबंदीत जो धंदा फोफावला, त्याने ते एकत्र केले: माणसाला उघडे करायचे आणि झाकण्याचे पैसे मागायचे.

टाळेबंदीच्या आठवणी काढण्यासाठी आज हा विषय घेतलेला नाही. टाळेबंदी गेली, धंदा राहिला. राहिला एवढेच नव्हे, तर वाढला, शिकला, त्याच्या शाखा निघाल्या. आणि त्यात सापडलेला प्रौढ माणूस आजही तक्रार करायला कचरतो, कारण ती ऐकणारा जो तो आधी त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो.

मुलांच्या बाबतीत निदान आरडाओरडा तरी होतो. मे 2020 मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या, मुलींचे फोटो फिरवणाऱ्या ‘बॉइज लॉकर रूम’ या इन्स्टाग्राम गटावरून देशभर गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मुलांसाठी ‘पॉक्सो’ कायदा आहे, शाळा आहे, पालक सभा आहेत. पंचविशीतल्या मुलीसाठी, चाळिशीतल्या नोकरदारासाठी, साठी उलटलेल्या निवृत्त शिक्षकासाठी काय आहे? ‘एवढे शिकून अक्कल कशी नाही’ आणि ‘या वयात हे चाळे’ ही दोन वाक्ये. राष्ट्रीय महिला आयोगाकडे सायबर गुन्ह्यांच्या तक्रारी फेब्रुवारी 2020 मध्ये 21 आल्या, मार्चमध्ये 37 आणि सगळे काही ठप्प असलेल्या एप्रिलमध्ये 54. दोन महिन्यांत अडीच पट, असे मथळे तेव्हा सजले. पण शंभर कोटींच्या वर लोकसंख्येच्या देशात महिन्याला 54 तक्रारी! धक्का बसायला हवा तो या आकड्याच्या लहानपणाचा. ब्रिटनमध्ये खासगी चित्रांच्या गैरवापराविरुद्ध 2015 पासून स्वतंत्र हेल्पलाइन आहे. 2020 मध्ये तिच्याकडे तीन हजारांहून अधिक प्रकरणे आली, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. ब्रिटनची लोकसंख्या आपल्या एकट्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडीच जास्त आहे. तिकडची माणसे अधिक चळलेली आणि आपली सोवळी, असा निष्कर्ष ज्याला काढायचा त्याने खुशाल काढावा. आम्ही एवढाच काढतो की, तिकडे फोन उचलणारे कुणी तरी होते.

मुळात असले फोटो पाठवलेच का, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने मार्च 2020 मध्ये पत्रक काढून नागरिकांना सांगितले होते की, घराबाहेरच्या व्यक्तीशी शरीरसंबंध टाळा. व्हिडिओ डेट, सेक्स्टिंग, चॅट यांचा पर्याय आहे. एका सरकारी खात्याने इतक्या सरळ भाषेत ही सूचना दिली. आपल्याकडे असे पत्रक निघाले असते, तर त्याची होळी झाली असती. पण पत्रक निघाले नाही म्हणून माणसांच्या गरजा काही क्वारंटाइन झाल्या नाहीत. गोव्याचे हजारो दर्यावर्दी क्रूझ जहाजांवर अडकून पडले होते. रत्नागिरी-रायगडच्या गावांतले कर्ते पुरुष आखातात होते आणि विमाने बंद होती. साखरपुडा झालेली जोडपी दोन जिल्ह्यांत होती आणि मध्ये ई-पासची वेस होती. या माणसांनी फोनवरून एकमेकांना काय दाखवले, काय पाठवले, हा त्या दोघांचा मामला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले, त्यात हेही आले.

खरी गोची फोनची होती. घरात स्मार्टफोन एक. रात्री ज्या फोनवर नवऱ्याचा व्हिडिओ कॉल येई, तोच सकाळी आठला चौथीतल्या मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी पुढ्यात ठेवला जाई. दुपारी दीर पैसे पाठवायला म्हणून मागे. फोटो गॅलरीतून पुसला तरी गुगल फोटोजवर शिल्लक, आणि ते गुगलचे खाते उघडून दिलेले कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानदाराने. पासवर्ड बाईला ठाऊक नाही, त्याला ठाऊक. व्हॉट्सअॅपने फोटो ‘एकदाच पाहा’ अशी सोय दिली ती ऑगस्ट 2021 मध्ये, तोवर दोन लाटा ओसरल्या होत्या. कोट्यवधी माणसांचे सगळे खासगी आयुष्य एका कुलूप नसलेल्या पेटीत येऊन पडले. ती उघडणारे हात कोणते, ते पाहू.

एक हात ओळखीचा. मोडलेल्या प्रेमाचा, फिसकटलेल्या लग्नाचा सूड. ओडिशा उच्च न्यायालयासमोर 2020 मध्ये असेच एक प्रकरण आले. गावातल्याच तरुणाने ओळखीच्या मुलीवर अत्याचार करून चित्रण केले आणि तिच्याच नावाने बनावट फेसबुक खाते उघडून ते टाकले, असा आरोप होता. नोव्हेंबरमध्ये जामीन नाकारताना न्या. पाणिग्रही यांनी दाखवलेली उणीव महत्त्वाची होती. आरोपीला शिक्षा देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ते चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून कायमचे पुसून घेण्याचा हक्क पीडितेला देणारी यंत्रणाच नाही, असे त्यांनी नोंदवले. मुलगा तुरुंगात जाईल, चित्र मोकाट फिरत राहील. न्याय मिळाला असे यातल्या कुणी म्हणायचे?

दुसरा हात अनोळखी आणि त्याची संहिता ठरलेली. फेसबुकवर एका तरुणीची मैत्री-विनंती येते. दोन-चार ‘मित्र’ सामाईक असतात, त्यामुळे संशय येत नाही. गप्पा दहा मिनिटांत व्हॉट्सअॅपवर सरकतात आणि रात्री अकराच्या पुढे व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर कपडे उतरवणारी बाई दिसते. ती तिथे नसतेच, तो आधीच चित्रित केलेला तुकडा दुसऱ्या फोनवरून लावलेला असतो. इकडच्या माणसाने काही केले काय आणि नुसते बघितले काय, अर्धा मिनिट पुरतो. कॉल कापला जातो आणि त्याच्याच चेहऱ्याचे चित्रण त्याच्याच फोनवर येऊन पडते. सोबत त्याच्या फेसबुक मित्रयादीचे स्क्रीनशॉट: मेहुणा, साहेब, मुलीची वर्गमैत्रीण. रक्कम मागितली जाते पाच हजार, दहा हजार. ती दिली की दुसऱ्या दिवशी दुसरा अंक. खाकी वर्दीतल्या डीपीवरून फोन येतो, ‘दिल्ली सायबर सेल से बोल रहा हूँ’. त्या बाईने तक्रार केली आहे, अटक टाळायची तर अमुक नंबरवर बोला. अमुक नंबरवाला यूट्यूबचा कर्मचारी असतो आणि व्हिडिओ पुसण्याचे ‘शुल्क’ घेतो. असे करत माणूस मुदतठेव मोडतो, बायकोचे दागिने गहाण टाकतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

हे फोन बहुतांशी हरियाणातल्या नूह आणि राजस्थानातल्या भरतपूर, अलवर या मेवात पट्ट्यातून होतात, हे पोलिसांच्या तपासात वारंवार पुढे आले आहे. नकली सोन्याच्या विटा विकून प्रवाशांना गंडवण्याचा ‘टटलू’ धंदा तिथे जुना. गिऱ्हाईक रस्त्यावर येईनासे झाले, तेव्हा तोच हातखंडा फोनवर आला. (सगळा मेवात असा नाही, हे सांगायला नको, रोजगार नसलेल्या तरुणांच्या हाती भाड्याचे सिम देणारे कुठलेही असतात.) सिमकार्ड आसाम-ओडिशातल्या कुणा गरिबाच्या नावावरचे, बँक खाते तिसऱ्याच राज्यातले. 2022 मध्ये पुण्यात या धमक्यांनी तरुणांचे जीव गेले आणि पोलिसांचा माग अलवर जिल्ह्यातल्या गुरुगोठडी या खेड्यापर्यंत पोचला. अनेकांचा शोध तिथवर पोचतच नाही, कारण मृत्यूचे कारण घरच्यांनाही कळलेले नसते.

तिसऱ्या हाताकडे फारसे कुणी या नजरेने पाहिले नाही. टाळेबंदीत पगार थांबले, तेव्हा पाच मिनिटांत पाच हजार देणारी कर्जाची अॅप्स उगवली. कागदपत्र नको, जामीनदार नको, फक्त फोनमधले संपर्क आणि गॅलरी पाहण्याची परवानगी द्या. तारण काय होते, ते हप्ता चुकल्यावर कळले. कर्जदाराच्या, विशेषतः कर्जदार बाईच्या चेहऱ्याला नग्न देह जोडून ते चित्र तिच्या संपर्कयादीतल्या प्रत्येकाला पाठवले जाई. भाजीवाल्यापासून सासऱ्यापर्यंत. तेलंगणात 2020 च्या अखेरीस या जाचातून आत्महत्या झाल्या. मे 2022 मध्ये मुंबईत मालाडच्या एका तरुणाने जीव दिला. त्याने तर कर्जच घेतले नव्हते असे घरच्यांचे म्हणणे होते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2021 मध्ये कार्यगट नेमला आणि अॅपना संपर्कयादी व फोटोंना हात लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे आली सप्टेंबर 2022 मध्ये. मधल्या वीस महिन्यांत किती संपर्कयाद्या परक्यांच्या हाती गेल्या, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. या बायांनी कुणाला कसलाही फोटो पाठवला नव्हता, हे ‘पाठवलेच का’वाल्यांनी ध्यानात घ्यावे. ‘सुल्ली डील्स’ आणि ‘बुल्ली बाई’ या अॅपवर ज्या मुस्लिम स्त्रियांचा ‘लिलाव’ 2021-22 मध्ये मांडला गेला, त्यांनीही नव्हता. त्यांचा गुन्हा एवढाच की त्या बोलत होत्या, लिहीत होत्या.

आता कायदा. कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. 2013 मध्ये दंडविधानात आलेले 354-क हे कलम, आता भारतीय न्याय संहितेतले 77, याचे दुसरे स्पष्टीकरण वकिलांनीच नव्हे तर प्रत्येक ठाणे अंमलदाराने पाठ करावे असे आहे. स्त्रीने चित्रणाला संमती दिली होती, पण ते तिसऱ्याला दाखवण्याला दिली नव्हती, तर दाखवणे हा गुन्हाच. म्हणजे ‘फोटो तूच दिलास ना’ या प्रश्नाचे उत्तर संसदेने दशकापूर्वी देऊन ठेवले आहे. पण हे कलम फक्त स्त्रीला संरक्षण देते. व्हिडिओ कॉलच्या सापळ्यात पुरुष मोठ्या संख्येने सापडतात. त्यांच्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-ई आणि खंडणीचे कलम आहे, पण 66-ई ची कमाल शिक्षा तीन वर्षे आणि धाक शून्य. त्याहून वाईट म्हणजे, त्याच कायद्याच्या 67 आणि 67-अ कलमांनी अश्लील मजकूर ‘प्रसिद्ध करणे’ आणि ‘पाठवणे’ एकाच दावणीला बांधले आहे. दोन प्रौढांनी राजीखुशीने केलेल्या देवाणघेवाणीला त्यात स्पष्ट सूट नाही. तक्रार करायला गेलो आणि आपल्यावरच कलम लागले तर, ही भीती त्यामुळे अगदीच खुळी नाही. ब्लॅकमेल करणारेही तीच भीती घालतात. ही सूट कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिली पाहिजे आणि 77 मधली ‘स्त्री’ ‘व्यक्ती’ झाली पाहिजे. यावर फार चर्चासत्रे भरवण्याची गरज नाही.

आणि पोलिस ठाणे. तिथे काय होते, ते गेलेल्यांना विचारावे. बाकावर तीन माणसे बसलेली, त्यांच्यादेखत अंमलदार विचारतो, ‘काय होतं व्हिडिओत?’ मग ‘दाखवा’. मग ‘तुम्ही का उचलला फोन एवढ्या रात्री?’ मग ‘हे आमच्याकडं येत नाही, सायबरला जा’. सायबर जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे अर्ज घेऊन ठेवतात. गुन्हा दाखल नाही, अर्ज. माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास पोलिस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, असे कलम 78 सांगते. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एक आणि तो गणपतीपासून निवडणुकीपर्यंत बंदोबस्तात. मुंबईत 2021 मध्ये पाच प्रादेशिक सायबर ठाणी झाली, राज्याने 837 कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प आखून नवी मुंबईत महापेला त्याचे मुख्यालय उभारले. इमारत देखणी आहे. गडहिंग्लजच्या किंवा किनवटच्या बाईला तिचा उपयोग तेव्हा, जेव्हा तिच्या ठाण्यातली महिला हवालदार दार लोटून घेऊन, शेजारी कुणी नसताना तिचा जबाब लिहील. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणे बंधनकारक केले आहे आणि तक्रार ऑनलाइन देऊन तीन दिवसांत सही करण्याची मुभाही दिली आहे. ‘आमच्याकडं येत नाही’ हे वाक्य आता बेकायदा आहे. ते उच्चारल्याबद्दल एखाद्या अंमलदारावर कारवाई झाल्याचे पाहायला आम्हाला आवडेल.

कंपन्यांचे काय? 2021 च्या नियमांनी त्यांना बजावले की, नग्न किंवा फेरफार केलेल्या चित्राची तक्रार संबंधित व्यक्तीकडून आली की 24 तासांत ते उतरवा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा सुरू झाली. तिथे चित्र कुणाकडे पाठवावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारे चित्र अडवतात. म्हणजे तंत्र आहे. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाला एप्रिल 2023 मध्ये सर्च इंजिनांना सुनवावे लागले की, चित्र पुन्हा वर आले की पीडितेनेच दर वेळी नवे दुवे शोधून द्यायचे, हे चालणार नाही. क्रिकेट सामन्याचे चोरटे प्रक्षेपण मिनिटांत बंद पाडणाऱ्यांना एका बाईचे चित्र सापडत नाही, यावर आमचा विश्वास नाही.

धोक्याची घंटा आता वाजवायची ती यासाठी की, पुढचा टप्पा आलेला आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा बनावट व्हिडिओ फिरला तेव्हा देश हबकला. आज ते काम फोनवरच्या फुकट अॅपवर होते आणि त्याला लग्नातला एक साधा फोटो पुरतो. खोट्या वर्दीतला ‘सायबर सेल’चा साहेब तर बढती घेऊन व्हिडिओ कॉलवरच ‘डिजिटल अरेस्ट’ करू लागला आहे, इतका की पंतप्रधानांना ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये त्याविषयी सावध करावे लागले. या सगळ्याचे भांडवल एकच आहे: आपली चुपकी. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे या धंद्याइतके कुणी मनावर घेतले नसेल. त्याने खरोखरच मुठीचे सव्वा लाख वसूल केले.

म्हणून शेवटचे सांगणे सरकारला नाही, वाचकाला आहे. असा फोन, असा मेसेज आला तर पहिला रुपयाही देऊ नका. देणाऱ्याचा नंबर पुढच्या यादीत जातो. चॅट पुसू नका. नंबर, यूपीआय आयडी, खात्याचा दुवा यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 या हेल्पलाइनवर कळवा, उशिरा कळवले तर रक्कम गोठवणे अवघड होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. जिवाचे बरेवाईट मनात येऊ लागले तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते. आणि तुमच्या घरातला कुणी, मुलगी, भाऊ, सासरा, अर्ध्या रात्री घामाघूम होऊन समोर उभा राहिला, तर ‘का पाठवलेस’ हा प्रश्न गिळून टाका. सकाळी पोलिस ठाण्यात त्यांच्याबरोबर जा, एकटे पाठवू नका.